प्रश्न उद्भवत नाही

आप्पामामा मुंबईत नेमकं काय करतात, हे आजोळच्या गावात कुणालाच धड सांगता यायचं नाही. कुणी म्हणायचं सचिवालयात मोठे साहेब आहेत, कुणी म्हणायचं आमदाराचे चिटणीस आहेत. आजीला विचारलं तर ती सुपातली ज्वारी पाखडता पाखडता सांगायची, "आमदार बोलत्यात, ह्यो लिवून घेतो." त्यावर पारावरच्या एका म्हाताऱ्यानं विचारलेला प्रश्न आमच्या घरात अजून सांगितला जातो. "समदं लिवून घेतो? मग ह्यो जेवतो कवा?"

मामा विधान परिषदेत मराठी प्रतिवेदक होते. मॅट्रिक झाल्यावर सांगलीला एका क्लासात लघुलेखन शिकले आणि मुंबईची गाडी पकडली. नोकरीला नेमके कधी लागले याबद्दल दोन मतं आहेत. मामा म्हणायचे, यशवंतराव मुख्यमंत्री होते तेव्हा. आई म्हणते, चीनच्या लढाईच्या वर्षी. दोन्ही खरं असायला हरकत नाही. १९६२ च्या नोव्हेंबरात यशवंतराव दिल्लीला गेले, त्याच्या थोडं आधी कधीतरी मामा लागले असणार. गिरगावात चाळीतली एक खोली, तिघांत मिळून. जेवण खानावळीत. गावाहून कुणी आलं की त्याच्याबरोबर आजीची शेंगदाण्याची चटणी आणि हुलग्याचं पीठ जायचं. खोलीतल्या कोकणातल्या सोबत्यांना मामांनी हुलग्याचं माडगं प्यायला लावलं होतं म्हणे. त्यातल्या एकानं पुढची दोन वर्षं मामांशी त्या विषयावर बोलायचं टाळलं.

आमचं आजोळ तासगाव ओलांडून विट्याच्या वाटेला. पाऊस तिकडे कमीच. आला तर आला. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं जमायचो तेव्हा मामाही रजा टाकून यायचे, आणि त्यांच्या बोलण्यातून विधान परिषद आमच्या ओसरीवर भरायची. मावशी धाकट्या मामाला काहीतरी लागट बोलून गेली, त्याचा चेहरा पडला, की कोपऱ्यातून आवाज यायचा, "हे शब्द कामकाजातून काढून टाकण्यात आले आहेत." भाकऱ्यांना वेळ लागणार असला की सभागृह अर्ध्या तासासाठी तहकूब. आणि आम्ही पोरांनी बर्फाच्या गोळ्याला पैसे मागितले की ठरलेलं उत्तर: "प्रश्न उद्भवत नाही." हे उत्तर मंत्री खरोखरच देतात, यावर माझा फार उशिरा विश्वास बसला. तारांकित प्रश्नात पहिलं कलम असतं, अमुक पूल वाहून गेला हे खरे आहे काय. दुसरं, असल्यास चौकशी केली काय. तिसरं, नसल्यास विलंबाची कारणे काय. पहिल्याला 'नाही' म्हटलं की खालच्या सगळ्यांना 'प्रश्न उद्भवत नाही'. मामा म्हणायचे, चार शब्दांत पूल परत उभा.

परिषद म्हणजे काय, हे त्यांनी आम्हाला भुईमुगाच्या शेंगांवर शिकवलं. भाजलेल्या शेंगांची पाटी समोर यायची. मामा त्यातल्या ७८ मोजून घोंगडीवर मांडायचे. ३० शेंगा एका बाजूला, या विधानसभेच्या आमदारांनी निवडून दिलेल्या. २२ त्यांच्या शेजारी, जिल्हा परिषदा आणि नगरपालिकांच्या. मग सात पदवीधरांच्या, सात शिक्षकांच्या. उरलेल्या १२ जरा वेगळ्या, चांगल्या भरलेल्या, तीन दाण्यांच्या बघून वेचायचे. या राज्यपालांनी नेमलेल्या: साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा यांतल्या माणसांच्या. सदस्याची मुदत सहा वर्षं, आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश निवृत्त. "निवृत्त," असं म्हणून मामा २६ शेंगा आमच्या ओंजळींत टाकायचे. आम्ही फोडून खाईपर्यंत पाटीतून नव्या २६ घोंगडीवर आलेल्या असायच्या. "बघा, विधानसभा पाच वर्षांनी संपते, मधेच मोडतेसुद्धा. हे सभागृह कधीच विसर्जित होत नाही." शेंगांची पाटी मात्र व्हायची. तेवढं झालं की आजी टरफलं गोळा करायला लावायची.

त्या बारा भरल्या शेंगांपैकी एकीचं आजीला फार कौतुक होतं. ग. दि. माडगूळकर १९६२ पासून १९७४ पर्यंत परिषदेत होते. माडगुळं म्हणजे आटपाडी तालुक्यातलं. म्हणजे आजीच्या हिशेबानं आपलंच माणूस, आपल्याच कोरड्या मुलखातलं. गीतरामायण तिनं रेडिओवर ऐकलेलं. हा माणूस तिथं त्या पुढाऱ्यांत बसून करतो काय, असं ती प्रत्येक सुट्टीत विचारायची, आणि मामा प्रत्येक सुट्टीत सांगायचे की सदस्य आहेत, सदस्य करतात ते करतात. हे उत्तर तिला कधी पुरलं नाही. आपला मुलगा त्यांच्यापासून दहा-पंधरा हातांवर बसतो आणि त्यांच्याशी एक अक्षर बोलत नाही, हे तिला शिष्टपणाचं वाटायचं. प्रतिवेदकानं सदस्याशी बोलायचं नसतं, त्याचं फक्त ऐकायचं असतं, हे तिला पटवणं मामांना शेवटपर्यंत जमलं नाही.

मामांकडून ऐकलेला परिषदेचा दिवस माझ्या डोक्यात कसा बसला आहे ते सांगते. त्यात ६५ सालचं थोडं आणि ८० सालचं थोडं असं मिसळलेलं असेल, पण दिवस साधारण असाच. आधी घंटा. ती खूप वेळ वाजत राहते, लॉबीत चहा पीत उभ्या असलेल्यांनी कप ठेवावेत म्हणून. मग सभापती येतात, सगळे उभे राहतात, वाकून नमस्कार होतो. पहिला तास प्रश्नोत्तरांचा. छापील प्रश्न, छापील उत्तर, खरी गंमत त्यानंतरच्या उपप्रश्नांत. एखादा सदस्य तालुक्याहून असा काही कागद घेऊन आलेला असतो की मंत्र्यांना मागे अधिकाऱ्यांच्या गॅलरीकडे बघावं लागतं. तिथून चिठ्ठी येते. चिठ्ठी येईपर्यंत मंत्री जे बोलतात ते लिहिणं सगळ्यात अवघड, मामा म्हणायचे, कारण त्या वाक्यांना शेवट नसतो. मग कागदपत्रं सभागृहासमोर ठेवणं, मग लक्षवेधी. त्यावर कुणाचा औचित्याचा मुद्दा, कुणाचा हरकतीचा. तापलं की तहकुबी. शांत झालं की विधेयकं.

प्रतिवेदकांच्या पाळ्या असायच्या. एकानं पाच-दहा मिनिटं लिहायचं, तोवर दुसरा दाराशी येऊन थांबलेला. तो शेजारी येऊन बसला की पहिल्यानं उठायचं, आवाज न करता, वाक्य अर्धं असलं तरी. मामांकडे नेहमी पेन्सिली असायच्या, दोन्ही टोकांना तासलेल्या. लघुलेखनात ठळक रेघ वेगळी आणि बारीक वेगळी, रेघ दाबली की अक्षर बदलतं, म्हणून त्यांना पेन चालायचं नाही. टोक मोडलं तर पेन्सिल उलटी करायची, तासायला वेळ नसतो. मधल्या बोटाला पहिल्या पेराजवळ एक घट्टा होता, आम्ही पोरं त्यावर बोट फिरवून बघायचो. पाळी संपली की वर जाऊन ते सगळं वाचून टंकलेखकाला सांगायचं. प्रत्येक पानाच्या माथ्यावर 'असुधारित प्रत, प्रसिद्धीसाठी नाही' असं असायचं. आमच्या आईनं मामांना पहिल्यांदा घरी पुरणपोळ्या करून घातल्या आणि त्या फुटल्या, तेव्हा मामांनी पोळीकडे बघून हेच शब्द उच्चारले. आई अजून ते विसरलेली नाही.

त्यांना सगळ्यात आवडायची ती संध्याकाळची अर्ध्या तासाची चर्चा. तोपर्यंत पत्रकार बातम्या पाठवायला गेलेले असायचे, बाकं रिकामी. गणपूर्तीला दहा माणसं लागतात, तेवढीही कधीकधी डोकी मोजून बघावी लागायची. त्या रिकाम्या सभागृहात एखादा सदस्य उभा राहून आपल्या भागातल्या एका फुटलेल्या बंधाऱ्याबद्दल, एका शाळेच्या न आलेल्या अनुदानाबद्दल, एका शिक्षकाच्या अडकलेल्या वेतनाबद्दल बोलत राहायचा. ऐकायला एक मंत्री, पीठावर तालिका सभापती आणि खाली आमचे मामा. "उद्याच्या पेपरात त्यातलं काही येणार नसतं. पण मी ते लिहिलेलं असतं," असं ते म्हणायचे. मला वाटतं, हयातभर त्यांना स्वतःच्या नोकरीबद्दल जो काही अभिमान होता तो एवढाच होता.

आता दुष्काळाचं. ते आल्याशिवाय आमच्याकडची कुठलीच जुनी गोष्ट पुरी होत नाही.

७२ ला आमच्या गावची विहीर तळाला गेली. गुरं आधी चाऱ्याला, मग बाजाराला. रेशनवर लाल ज्वारी आली, मिलो. तिची भाकरी थापताना चिरायची, आणि तव्यावर गेली की घरात एक परका वास भरायचा. आजीनं तोपर्यंत आयुष्यात कधी भाकरीला नावं ठेवली नव्हती. पाझर तलावाचं काम निघालं, रस्त्याचं निघालं, गाव सगळं तिकडे. आजी विधवा, पन्नाशीच्या आसपास, मुंबईहून मुलाची मनिऑर्डर दर महिन्याला येत होती. तरी ती कामावर गेली. का गेली याचं तिचं उत्तर दर वेळी वेगळं असायचं. घरात एकटीला करमेना. सुकडी चांगली मिळायची. सगळ्याजणी गेल्या, मीच कशी घरी बसू. कामावर सुकडी वाटायचे ते खरंच आहे, आणि ती पदराला बांधून आणून आजी शेजारच्या पोरांना द्यायची, हेही माझ्या आईनं बघितलेलं.

मामा त्या उन्हाळ्यात आले आणि थेट कामावर गेले. आई उन्हात बसून खडी फोडते आहे, बोटाला चिंधी गुंडाळलेली. ते फार रागावले. लोक काय म्हणतील, मुलगा विधान परिषदेत आणि आई खडीवर. आजीनं हातोडी खाली ठेवली नाही. "तू बोल्ल्यालं लिवतोस, मी धोंडं फोडती. दोघं बी सरकारचंच खातोय न्हवं?" १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर अशा कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. त्यातली एक आमची आजी.

या कामांमागची कल्पना जिथून निघाली तो माणूस रोज मामांच्या डोळ्यांसमोर उंच खुर्चीवर बसायचा, हा योगायोग मामांना फार उशिरा कळला. वि. स. पागे. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. १९६० पासून १९७८ पर्यंत, सलग १८ वर्षं परिषदेचे सभापती. गांधीविचारांचे, संतसाहित्यात रमणारे. जो हाताला काम मागेल त्याला सरकारनं काम द्यायचं, ही त्यांची गोष्ट त्यांनी साठच्या दशकातच मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या कानी घातली, आणि विसापूरच्या परिसरात तिचा आधी प्रयोगही झाला. मग दुष्काळ पडला आणि राज्याला तीच वाट धरावी लागली. रोजगार हमी योजना ती हीच. विसापूर आमच्या आजोळापासून किती लांब, तर आजीच्या शब्दांत "न्ह्यारी करून निघालं की जेवायला पोचतंय". ती पागेंना विसापूरचं म्हणून ओळखायची, सभापती म्हणून नव्हे.

७५ साली मामांच्या पगारातून एक नवी रक्कम कापली जाऊ लागली. व्यवसाय कर. रोजगार हमीला पैसा लागतो, तो शहरातल्या नोकरदारांकडून आणि धंदेवाल्यांकडून घ्यायचा, आणि जेवढा गोळा होईल तेवढीच भर सरकारनं आपल्या तिजोरीतून घालायची, असा तो हिशेब. कर्मचाऱ्यांत कुरकुर झाली. मामांनी सुट्टीत येऊन आजीला पगाराची चिठ्ठी दाखवली. आजी तेव्हाही रिकाम्या महिन्यांत नालाबंडिंगच्या कामाला जात होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण हिशेब तोंडी पक्का. ती म्हणाली, "म्हंजे तुझ्या पगारातनं कापत्यात आन मला हजेरीला देत्यात?" मामा म्हणाले, तसंच काहीसं. "मग मनिऑर्डर कशाला करतोस? तिकीट तरी वाचंल." पुढे बरीच वर्षं मामा व्यवसाय कराला 'आईचे पैसे' म्हणायचे. अजूनही महाराष्ट्रातल्या पगारदारांना ती ओळ दिसते, महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००. माझ्या मुलाला मी तिची गोष्ट सांगायला गेले तर तो म्हणाला, आई, ते ऑटो डिडक्ट होतं.

रोजगार हमीचा कायदा झाला तो १९७७ चा. २६ जानेवारी १९७९ पासून अंमल. विधेयक परिषदेत आलं तेव्हा मामांची पाळी होती, आणि ही त्यांची जन्माची गोष्ट. ती त्यांनी इतक्यांदा सांगितली की तिच्या कडा झिजल्या. कधी ती नागपूरच्या अधिवेशनात घडायची, तेव्हा त्यात संत्री असायची आणि सकाळचे तर्री पोहे. कधी मुंबईत घडायची, तेव्हा बाहेर पाऊस. कधी पीठावर खुद्द पागे बसलेले, कधी उपसभापती. एवढं मात्र बदलायचं नाही: सगळे पक्ष बाजूनं बोलत होते. शेतकरी कामगार पक्षाचे एन. डी. पाटील त्या काळात परिषदेत होते, ढवळीचे, म्हणजे पुन्हा आमच्याच जिल्ह्यातले. आकडे पाठ करून येणारा आणि तरीही चिडू शकणारा माणूस, असं मामा त्यांच्याबद्दल म्हणायचे. त्यांचं भाषण लिहिताना पेन्सिल कधी उलटी करायला लागेल याचा नेम नसायचा.

सभापतीला चर्चेत भाग घेता येत नाही. विधेयकाच्या बाजूनं एक शब्द बोलायचा नाही, मतही द्यायचं नाही, समसमान झालं तरच द्यायचं. ज्याच्या डोक्यातून गोष्ट निघाली त्यानं गप्प बसून इतरांची नावं पुकारायची, वेळ संपल्याची घंटा वाजवायची आणि शेवटी प्रश्न मताला टाकून 'होय'चे बहुमत म्हणायचं. मामा हे सांगताना स्वतः खुर्चीत ताठ बसायचे आणि "विधेयक संमत झाले आहे" एवढंच अगदी सपाट आवाजात म्हणायचे. पीठावर त्या दिवशी उपसभापती असतील तर मग हे सगळं त्यांच्या कल्पनेतलं. आम्ही कधी खोदून विचारलं नाही. कायद्यात मात्र काय होतं ते पक्कं आहे: मागितल्यापासून १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता, आणि बाई-बाप्याला मजुरीचा एकच दर. या शेवटच्या कलमावर आजीचं म्हणणं होतं की दर एक असला तरी मुकादमाचं माप एक नव्हतं.

अधिवेशन नसलं की मामा विधिमंडळाच्या ग्रंथालयात जुने खंड काढून वाचत बसायचे. मुंबई प्रांताच्या जुन्या कौन्सिलचे, इंग्रजीतले. तेव्हा सभागृह एकच होतं, दोन झाली ती १९३७ मध्ये. त्या जुन्या खंडांत १९२३ सालचा सी. के. बोले यांचा ठराव आहे, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा. त्याच ठरावाच्या आधारानं महाडच्या नगरपालिकेनं तळं खुलं असल्याचं जाहीर केलं, आणि तरी पाण्याला हात लावायला १९२७ चा मार्च उजाडावा लागला. त्याच वर्षी बाबासाहेब आंबेडकर नेमलेले सभासद म्हणून त्या कौन्सिलात आले. १९२८ मध्ये गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाची पगारी सुटी मिळावी या विधेयकाच्या बाजूनं ते तिथं बोलले. मामांनी ते भाषण वाचून आजीला मराठीत सांगितलं. आजीची सहा बाळंतपणं, त्यातली चार मुलं जगली. मावशीच्या वेळी बाराव्या दिवशी ती खुरपायला गेली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "लागू झालं का ते?" मामा म्हणाले, झालं, पुढच्याच वर्षी मुंबईत कायदा झाला. "गिरणीवाल्यांस्नी," आजी म्हणाली, आणि चुलीत लाकूड सारलं.

१९८५ ला आंध्रात मुख्यमंत्री रामारावांनी परिषद रद्द करायला लावली, पुढच्या वर्षी तमिळनाडूची गेली. मामांच्या हापिसात तेव्हा दुसरा विषय नसायचा. मागच्या दारानं येणाऱ्यांचं सभागृह, हरलेल्यांची सोय, पांढरा हत्ती, हे सगळं पेपरात छापून यायचं, आणि खोटं सगळंच नव्हतं. मामा ते मान्य करायचे. निवडणुकीत पडलेला माणूस वरच्या सभागृहात कसा पोचतो हे त्यांनी बाकांवरच बघितलेलं. पण वाद आला की ते शिक्षकांच्या सात आणि पदवीधरांच्या सात जागांवर अडून बसायचे. आमचे वडील माध्यमिक शाळेत शिक्षक, शिक्षक मतदारसंघाचे मतदार. मतपत्रिकेवर शिक्का नाही, पसंतीचे आकडे लिहायचे, एक, दोन, तीन. वडिलांना त्या आकड्यांचा एवढा अभिमान की निवडणुकीच्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून जायचे आणि दुसरी पसंती कुणाला दिली हे आईलासुद्धा सांगायचे नाहीत. पहिली सगळ्या गावाला माहीत असायची.

आजी मुंबईला एकदाच आली. १९८७ च्या पावसाळी अधिवेशनाच्या सुमाराला. तोपर्यंत रीगलजवळची जुनी इमारत सुटून सहा वर्षं झाली होती. नरिमन पॉइंटच्या नव्या विधान भवनाचं उद्घाटन १९८१ च्या एप्रिलमध्ये इंदिराबाईंनी केलं. मामांनी प्रेक्षक गॅलरीचे पास काढले, माझा आणि आजीचा. नऊवारी, डोक्यावर पदर, कमरेला मिसरीची चंची. चंची दारावर काढून ठेवायला लावली तेव्हाच तिचं मन बिघडलं. गॅलरीत पाय दुमडून बसली तर रक्षकानं खुणेनं पाय खाली सोडायला सांगितले. खाली पीठावर जयंतराव टिळक. मी तिला कानात सांगितलं, लोकमान्यांचे नातू. तिनं लांबूनच हात जोडले.

बराच वेळ कुठल्यातरी नगरपालिकेच्या पाणीपट्टीवर चाललं होतं, त्यातलं मला काही आठवत नाही. आजीला मामा दिसत नव्हते. मग पाळी बदलली, आणि टकलाचा मागचा भाग आणि वाकलेली मान बघून तिनं माझ्या दंडाला चिमटा काढला. "त्यो बघ. मान वर करत न्हाई." तेवढ्यात रोजगार हमीच्या थकलेल्या मजुरीचा प्रश्न निघाला. मजुरी पंधरवड्याला मिळायला हवी ती दोन-दोन महिने मिळत नाही, हे खरे आहे काय. मंत्रिमहोदय उठून म्हणाले, हे खरे नाही. आणि आजी, सगळ्या गॅलरीला ऐकू जाईल अशी, जागेवरूनच म्हणाली, "खरं हाय की!"

रक्षक आला. मी घाबरून गेले. पुढच्या रांगेतले दोघे मागे वळून हसले. खालच्या बाकांवर एक-दोघांनी वर बघितलं असं मला वाटलं. मामांनी मान वर केली नाही. आम्हाला बाहेर काढलं नाही, पण पाचेक मिनिटांनी आजीच उठली, तिला मिसरी लावायची होती.

संध्याकाळी मामा आम्हाला मॅजेस्टिक आमदार निवासाच्या खाली सहकारी भांडारात घेऊन गेले. आजीनं बटाटेवडा खाल्ला, चहा बशीत ओतून प्यायली आणि पहिला प्रश्न विचारला, "माझं लिवून घेतलंस का?" मामा म्हणाले, आई, गॅलरीतलं लिहायचं नसतं. "का? मंत्र्याचं लिवतोस." मंत्री सभागृहात बोलतात. "मग मी काय बाजारात बोलले?" मामांना उत्तर सुचलं नाही. त्यांनी आणखी एक बटाटेवडा मागवला.

आजीनं गावी जाऊन ही गोष्ट सांगितली, ती अर्थात तिच्या पद्धतीनं. तिच्यानंतर मावशीनं सांगितली, मावशीनंतर मामेबहिणींनी. गेल्या वर्षी धाकट्या मामेबहिणीच्या सुनेकडून मी ती ऐकली. आमची पणजी विधान परिषदेत मजुरीवर बोलली होती, आणि मंत्र्यांनी तिथल्या तिथं थकबाकी काढायचा हुकूम केला. टिळकसाहेबांनी खाली उतरून तिची विचारपूस केली, आणि चंचीसुद्धा स्वतःच्या हातानं परत दिली. मी विचारलं, आणि आप्पामामा? ती म्हणाली, ते लिहीत होते ना सगळं.